निर्गुंडी, तगर अशा वनस्पतींनी दुखणं थांबतं किंवा झोप येते हे लॅबमध्ये कसं तपासतात? उंदराला दुखतंय हे कळतं तरी कसं?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की आजी गुडघ्याला निर्गुंडीचा पाला गरम करून बांधते आणि तिला आराम पडतो, तुम्ही बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि यावर प्रोजेक्ट करायचा विचार आहे. मी फार्माकॉलॉजीत एमफार्म केलंय, नंतर काही वर्षं तेच शिकवलं, त्यामुळे या विषयावरचे थिसिस इतके वाचलेत की निम्मे तर नाव झाकून सांगता येतील. प्रोजेक्टचं शेवटी सांगते, आधी उंदराचं.

उंदीर काही सांगत नाही, त्यामुळे त्याचं दुखणं मोजता येत नाहीच, मोजतो ती त्याची हालचाल. हे एक वाक्य डोक्यात पक्कं ठेवा कारण सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

सगळ्यात साधी टेस्ट म्हणजे हॉट प्लेट. ५५ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या धातूच्या प्लेटवर पांढरा उंदीर सोडायचा, भोवती काचेचं नळकांडं, आणि स्टॉपवॉच चालू करायचं. तो पाय चाटेल, झटकेल किंवा उडी मारेल तो सेकंद लिहून घ्यायचा आणि लगेच उचलायचा. काहीच केलं नाही तरी साधारण १५ सेकंदांना उचलायचाच, नाहीतर तळवे भाजतात. औषध दिल्यावर तोच उंदीर जास्त वेळ थांबला तर वेदना कमी जाणवली असं म्हणायचं. (उंदीर हुशार असतो, दुसऱ्यांदा प्लेटवर ठेवलं की त्याला आठवतं आणि तो लवकर उडी मारतो, त्यामुळे एकाच उंदराला सारखंसारखं ठेवून आलेले आकडे मला कधीच पटत नाहीत.) टेल फ्लिकही त्यातलीच, शेपटीवर उष्णतेचा झोत टाकायचा आणि शेपूट किती वेळात झटकतो ते बघायचं, ही १९४१ पासून वापरात आहे. या दोन्हीत मॉर्फिनसारखी मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करणारी औषधं छान दिसतात, ॲस्पिरिनसारखी जवळपास दिसतच नाहीत.

ॲस्पिरिनवाल्यांसाठी रायदिंग टेस्ट. पोटात अगदी पातळ ॲसिटिक ॲसिड टोचायचं, मग उंदीर पोट आवळतो, अंग ताणतो, मागचे पाय लांब करतो, तो प्रत्येक ताण मोजायचा, पंधरा-वीस मिनिटं नजर न हलवता. कंट्रोलच्या, म्हणजे अर्क न दिलेल्या उंदरांनी सरासरी ४० ताण दिले आणि अर्क दिलेल्यांनी २०, तर ५० टक्के आराम, असा हिशोब. फॉर्मलिन टेस्ट माझ्या मते यांच्यात सगळ्यात जास्त माहिती देते कारण तिच्यात दोन टप्पे येतात: पंजात फॉर्मलिन टोचल्यावर पहिली पाचेक मिनिटं उंदीर पंजा चाटतो ती थेट मज्जातंतूंची वेदना, मग थोडा शांत होतो, आणि साधारण पंधराव्या मिनिटापासून परत चाटायला लागतो ती सुजेची वेदना. अर्क फक्त दुसऱ्या टप्प्यात चालला तर तो सूज कमी करणारा असावा, दोन्हीत चालला तर मेंदूपर्यंत काहीतरी पोचतंय.

आता खरी गोम. या सगळ्या टेस्टमध्ये आपण मोजतोय काय, तर उंदराने पाय चाटला का, पोट आवळलं का. मग ज्या उंदराला गुंगी आलीय, ज्याचे स्नायू ढिले पडलेत, तो काय करणार? तो पाय चाटणारच नाही. त्याला चटका पुरेपूर बसतोय पण हलायची ताकद नाही, आणि आपण वहीत लिहितो की दुखणं थांबलं. म्हणजे झोप आणणारी वनस्पती वेदनाशामक म्हणून सहज पास होते, विशेषतः रायदिंगमध्ये, ती टेस्ट तर इतकी भोळी आहे की वेदनाशामक नसलेली कितीतरी औषधं तिच्यात पास होतात. म्हणून मी कुठलाही पेपर हातात घेतला की आधी बघते त्याच अर्काची, त्याच डोसला रोटारॉड टेस्ट केलीय का. रोटारॉड म्हणजे फिरणारा दांडा, त्यावर उंदीर तोल सांभाळून चालत राहतो, डायझेपामसारखं गुंगीचं औषध दिलेला पडतो. आणि दुसरं ॲक्टोफोटोमीटर, त्या पेटीत प्रकाशाचे किरण असतात आणि उंदीर फिरताना ते किती वेळा तोडतो ते मशीन मोजतं. हॉट प्लेटवर वेळ वाढला, रायदिंग कमी झालं आणि रोटारॉडवर उंदीर व्यवस्थित चालतोय, तर ते वेदनाशमन. रोटारॉडवरून धपकन पडतोय तर आधी गुंगीचा विचार करा. आपल्याकडच्या थिसिसमध्ये बऱ्याचदा या टेस्ट वेगवेगळ्या प्रकरणांत असतात आणि शेवटी लिहिलेलं असतं, अर्कात वेदनाशामक 'आणि' शामक (म्हणजे गुंगी आणणारा) असे दोन्ही गुण आढळले. अहो एकच गुण आहे तो, दोनदा मोजलाय!

झोपेच्या टेस्टमध्येही असाच एक सापळा आहे. तिथे पेंटोबार्बिटोन नावाचं झोपेचं औषध देऊन उंदीर झोपवतात, पाठीवर उताणा ठेवला की नेहमीचा उंदीर क्षणात पालथा होतो, झोपलेला होत नाही, आणि तो परत स्वतःहून पालथा होईपर्यंतचा वेळ म्हणजे झोप. अर्क आधी दिलेला उंदीर जास्त वेळ झोपला की अर्क झोप आणतो असा निष्कर्ष काढतात. पण पेंटोबार्बिटोन शरीरातून संपतं ते यकृतातल्या एन्झाइम्समुळे, आणि वनस्पतींच्या अर्कांत ही एन्झाइम्स अडवणारे पदार्थ भरपूर असतात. अर्काने मेंदूला हातसुद्धा लावला नाही, नुसतं यकृताचं काम हळू केलं, तरी उंदीर दुप्पट वेळ झोपणार. ते ओळखायचं तर बार्बिटोन या त्याच कुळातल्या दुसऱ्या औषधावर प्रयोग परत करायचा, कारण ते यकृतात फारसं मोडत नाही, बरंचसं तसंच लघवीतून जातं. तिथेही झोप वाढली तर मग बोलूया. शिवाय गुंगी म्हणजे नैसर्गिक झोप नव्हे, त्यासाठी मेंदूचा ईईजी, म्हणजे विद्युत लहरींचा आलेख लागतो, तो आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत नसतो.

हे सगळं नीट केलं की काय मिळतं त्याचं एक उदाहरण तुमच्या अंगणात असेल. पांढऱ्या फुलांची तगर, आपण देवाला वाहतो ती. तिच्या सालीत कोनोलिडीन नावाचं एक अल्कलॉइड (वनस्पतीतलं नायट्रोजनयुक्त रसायन) अगदी नगण्य प्रमाणात असतं, अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेत ते २०११ मध्ये पूर्ण कृत्रिमरीत्या तयार केलं आणि मग उंदरांवर तपासलं. रायदिंगमध्ये चाललं, फॉर्मलिनच्या दोन्ही टप्प्यांत चाललं, टेल फ्लिकमध्ये नाही चाललं, उंदरांच्या हालचालीवर परिणाम नाही, आणि मॉर्फिन पेशीवरच्या ज्या रिसेप्टरवर (औषध बसायच्या जागेवर) बसतं तिथे ते बसत नाही. बघा, टेल फ्लिकमध्ये एक 'नाही' आल्यामुळे केवढी माहिती मिळाली. पण म्हणून कोणी सालीचा काढा करून पिऊ नका, त्याच झाडात बाकीची अल्कलॉइड्सही आहेत. आणि काष्ठौषधीच्या दुकानात झोपेसाठी म्हणून जी तगर मिळते ती ही नाहीच, ती हिमालयातल्या व्हॅलेरियनच्या जातीची मुळं, वास घेतला की कळतं.

म्हणूनच प्रयोगाची पहिली पायरी उंदीर नसून झाड ओळखणं ही असते. शंखपुष्पीच्या नावाखाली देशात तीन-चार वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात, गोकर्णसुद्धा. फुलापानांसकट नमुना वाळवून पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात, मुंबईत सेंट झेवियर्सच्या ब्लाटर हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ओळखून घेतात. आणि झाड बरोबर असलं तरी त्यातला पदार्थ झाडाचाच आहे ना, हेही बघावं लागतं. कॅमेरूनची गोष्ट आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. २०१३ मध्ये तिथल्या एका झाडाच्या मुळात ट्रॅमाडॉल सापडल्याचा पेपर आला, म्हणजे कारखान्यात बनणारं वेदनाशामक निसर्गातही आहे म्हणून मोठा गाजावाजा. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या गटाने दाखवलं की तिथले शेतकरी स्वतः ट्रॅमाडॉल खातात, गुरांनाही देतात, आणि मलमूत्रातून ते मातीत आणि मातीतून मुळांत जातं. पहिल्या गटाला ते मान्य नव्हतं, पण मला तरी डॉर्टमुंडवाल्यांचंच पटतं.

डोसचं गणित कोणी सांगत नाही म्हणून सांगते. आधी विषारीपणा बघतात, ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाप्रमाणे किलोला २००० मिलिग्रॅमपर्यंत देऊन १४ दिवस लक्ष ठेवतात, काही झालं नाही तर त्याचा दहावा भाग म्हणजे २०० आणि मग ४०० हे डोस घेतात, म्हणून सगळ्या पेपरात तेच दोन आकडे दिसतात. आता उंदराचा डोस माणसात आणायला साधारण १२ ने भागायचं. २०० भागिले १२ म्हणजे किलोला १६-१७ मिलिग्रॅम, ६० किलोच्या माणसाला जवळपास १ ग्रॅम अर्क. पाल्यातून १० टक्के अर्क निघतो असं धरलं तर १० ग्रॅम सुका पाला, तोही एका वेळी. जमण्यासारखं आहे, पण कॅप्सूलवाले त्यात २५० मिलिग्रॅम साधी पावडर भरून याच उंदरांचे दाखले देतात तेव्हा हा भागाकार करून बघा.

आणि वनस्पतींत काही नसतं असं मी म्हणत नाहीये हां. सर्पगंधा घ्या. कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये वेड आणि रक्तदाबावरचा तिचा उपयोग लिहिला, मुंबईत केईएमच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरचे निकाल ब्रिटिश जर्नलमध्ये छापले, आणि त्यातलं रेझर्पीन शुद्ध रूपात निघालं ते १९५२ मध्ये, स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत. म्हणजे आधी माणूस, मग रेणू. पुढे त्याच्यामुळे उदासी येते अशा तक्रारी आल्या आणि चांगली औषधं आली तसं ते मागे पडलं. उलट व्हॅलेरियनचं बघा, उंदरांत कितीही झोप आणो, माणसांतले निकाल इतके धरसोड आहेत की अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शनात निद्रानाशासाठी वापरू नका असंच सुचवलं.

आता तुमचा प्रोजेक्ट. कॉलेजात उंदरांवर करायचा विचार सोडा. त्याला नोंदणीकृत ॲनिमल हाऊस आणि एथिक्स कमिटीची आधी लेखी मंजुरी लागते, आणि पदवीला जीवशास्त्रात प्राण्यांवरचे प्रयोग यूजीसीनेच बंद केलेत. शिवाय तुमची आजी पाला बांधते, पीत नाही! उंदराला तोंडाने अल्कोहोलमधला अर्क पाजून जे कळेल त्याचा तिच्या गुडघ्याशी संबंध थोडाच. तिच्या आरामात नुसत्या शेकाचा वाटा किती हा पहिला प्रश्न आहे, आणि त्यासाठी कंट्रोल हवा तो दुसऱ्या कुठल्यातरी गरम केलेल्या पाल्याचा. हाही माणसांवरचा प्रयोग, त्यालाही कमिटी लागते, त्यामुळे तो नंतर कधीतरी. आत्ता झाड ओळखून घ्या, ताजा पाला आणि गरम केलेला पाला असे दोन अर्क काढा, टीएलसी प्लेटवर (अर्कातले पदार्थ वेगवेगळे करून दाखवणारी पातळ थराची प्लेट) शेजारी शेजारी लावा आणि गरम केल्याने कुठले पट्टे जातात, कुठले राहतात ते बघा, पाल्यातलं तेल उडतं का हेही त्यात दिसेल. बीएस्सीला एवढं पुरे आहे आणि गाइडसुद्धा नाही म्हणणार नाहीत.