वाचकांचे प्रश्न : इम्पोर्टेड पीस, सेलर वॉरंटी आणि पक्कं बिल

लगीनसराई जवळ आली की मराठवाड्यातल्या फोटोग्राफरांची पत्रं वाढतात. या वेळी बहुतेकांनी ऑनलाइन दिसणाऱ्या स्वस्त ‘इम्पोर्टेड’ मालाबद्दल विचारलं आहे. त्यातल्या पाच पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : जालन्यात माझा छोटा स्टुडिओ आहे, जीएसटी नंबरही आहे. मला हवी ती फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, अधिकृत डीलरकडे १,१८,००० रुपयांना आहे. तीच एका वेबसाइटवर १,०३,००० ला दिसते. खाली ‘इम्पोर्टेड युनिट, १ वर्ष सेलर वॉरंटी’ असं लिहिलंय. माल डुप्लिकेट असेल का? घ्यावा का?

उत्तर : डुप्लिकेट बहुधा नसेल. बॉडी कंपनीचीच असते, पण ती दुसऱ्या देशाच्या बाजारासाठी निघालेली असते आणि कंपनीच्या भारतातल्या शाखेला वगळून इथे येते. त्यामुळे तो सिरियल नंबर इथल्या शाखेच्या वॉरंटीत बसत नाही. काही कंपन्या पैसे घेऊन दुरुस्ती करतात, काही हातही लावत नाहीत. निकॉनची अमेरिकेतली शाखा तर अशा मालाची दुरुस्ती पैसे देऊनही करत नाही. तुमच्या ब्रँडचं इथलं धोरण काय आहे, ते सर्व्हिस सेंटरला फोन करून आधीच विचारा.

सेलर वॉरंटी म्हणजे फक्त विक्रेत्याचा शब्द. कॅमेरा तुम्ही कुरिअरने पाठवायचा, तो खासगी कारागिराकडे देणार, आणि पार्ट मिळेपर्यंत तुम्ही ऐन मुहूर्तावर भाड्याची बॉडी शोधत फिरणार. ‘इंटरनॅशनल वॉरंटी’ या शब्दांवरही विसंबू नका. काही लेन्सना ती असते, बॉडीला बहुधा नसते. ती कोणत्या देशांत चालते हे कार्डावर छापलेलं असतं, तेवढं वाचा.

असा माल विकणं मुळातच बेकायदा आहे असं नाही. सॅमसंगच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये अस्सल मालाच्या समांतर आयातीला मुभा दिली. मात्र माल आयात केलेला आहे आणि त्याची वॉरंटी व सेवा कंपनी देणार नाही, विक्रेता देईल, हे ठळकपणे लावण्याची अट घातली. जो विक्रेता हे उघड लिहितो, तो निदान लपवत तरी नाही. ‘कंपनी वॉरंटी’ म्हणून हाच माल खपवणारा मात्र सरळ फसवतो. त्याच्याकडून पेटीवरच्या आयातदाराच्या स्टिकरचा फोटो मागवा. लीगल मेट्रॉलॉजीच्या (वजन-मापांच्या) २०११ च्या नियमांनुसार आयात केलेल्या पेटीवर आयातदाराचं नाव-पत्ता, सर्व करांसह एमआरपी, महिना-वर्ष आणि ग्राहक सेवेचा संपर्क असावाच लागतो. आयातदार म्हणून कंपनीच्या भारतीय शाखेऐवजी भलत्याच ट्रेडर्सचं नाव असेल, तर काय समजायचं ते समजा.

तुमच्या बाबतीत तर हिशेबच उलटा पडतो. डीलरच्या १,१८,००० मध्ये १८ टक्क्यांनी १८,००० रुपये जीएसटी आहे. तुम्ही जीएसटीच्या नियमित योजनेत असाल तर त्याचं क्रेडिट (खरेदीवरचा कर आपल्या देय करातून वजा) मिळून बॉडी १,००,००० ला पडते. १,०३,००० वाली बॉडी बिनबिलाची किंवा कच्च्या बिलावर आली, तर ती तीन हजारांनी महाग झाली आणि वॉरंटीही गेली. कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठोक दराने कर भरण्याच्या योजनेत, असाल तर क्रेडिट नाही, मग पंधरा हजारांचा फरक खरा. ऑर्डर करतानाच आपला जीएसटी नंबर टाका आणि पुढे ते बिल जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या क्रेडिटच्या उताऱ्यात, दिसतंय का ते बघा. विक्रेत्याचा १५ अक्षर-अंकी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता तपासता येतो. महाराष्ट्रातल्या नोंदणीची सुरुवात २७ ने होते, तेलंगणाची ३६ ने.

आमचं मत विचाराल तर ज्या बॉडीवर लग्नाचं काम घेता, ती अशी घेऊ नका. मुहूर्त पुन्हा लागत नाही. ट्रायपॉड, फिल्टर, पूर्ण मॅन्युअल लेन्स यांत बिघडण्यासारखं फार काही नसतं. तिथे खुशाल पैसे वाचवा.

प्रश्न : नांदेडहून लिहितोय. कॅमेरा ऑनलाइन मागवून झाला, दोन दिवसांत येईल. पेटी उघडताना काय काय बघू?

उत्तर : आधी मोबाइल स्टँडवर लावा आणि कुरिअरच्या लेबलपासून बॉडीच्या सिरियल नंबरापर्यंत न थांबता एकच व्हिडिओ काढा. मध्ये कट असलेला व्हिडिओ विक्रेते मानत नाहीत. पेटीपॅक म्हणून आलेल्या पेटीचं सील चिकटपट्टीवर चिकटपट्टी लावलेलं नाही ना, ते बघा. बॉडीच्या बुडावरचा, पेटीवरचा, वॉरंटी कार्डावरचा आणि बिलावरचा सिरियल नंबर एकच हवा. बिलावर नंबर नसेल तर त्याच दिवशी ईमेलने मागा, कारण विमा काढताना आणि चोरीची तक्रार देताना तोच विचारतात.

मग बॅटरी. ग्रे मालाच्या, म्हणजे कंपनीच्या भारतीय शाखेला वगळून आलेल्या मालाच्या, पेट्या वाटेत फोडून अस्सल बॅटरी-चार्जर वेगळे विकले जातात आणि आत नकली टाकले जातात. कॅननची बॉडी नकली बॅटरी टाकल्यावर बॅटरीवर कॅननचा लोगो आहे का, असं स्क्रीनवरच विचारते. चार्जरची पिनही बोलते : चपट्या दोन पट्ट्या असतील तर माल अमेरिका-जपानकडचा, चौकोनी तीन पिना असतील तर हाँगकाँग-सिंगापूरकडचा. जपानी बाजारातल्या सोनीच्या बऱ्याच बॉडींत मेनू फक्त जपानी भाषेत असतो आणि तो बदलता येत नाही. म्हणून पहिल्याच मिनिटाला लँग्वेजचा पर्याय उघडून बघा.

लेन्स कॅप लावून आयएसओ १६०० वर १ सेकंदाचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. दोन-चार बारीक ठिपके चालतात, ठळक रंगीत ठिपके विखुरलेले असले तर परत करा. व्हिडिओ सेकंदाला २५ आणि ५० फ्रेमवर चालतो का ते पाहा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे मांडवातल्या एलईडी आणि ट्यूबखाली ३०-६० फ्रेमवर पट्टे दिसतात. निकॉनच्या फाइलमध्ये शटर काउंट (शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा) नोंदलेला असतो, तो पहिल्याच फोटोवरून बघा. नव्या बॉडीत हा आकडा किरकोळ असतो. हजारात असेल तर ती वापरलेली आहे.

प्रश्न : लातूरला साखरपुड्याच्या शूटिंगसाठी ऑनलाइन घेतलेलं १२८ जीबीचं कार्ड वापरलं. फोटो कॅमेऱ्यात दिसले, घरी आल्यावर सुरुवातीचेच उघडतात, बाकीच्या फाइल करप्ट. कार्ड खराब झालं का?

उत्तर : कार्ड नकली असण्याची शक्यता जास्त. आत १६ किंवा ३२ जीबीची चिप असते आणि कंट्रोलरला १२८ सांगायला शिकवलेलं असतं. खरी जागा संपली की पुढचं लिखाण हवेत जातं किंवा आधीच्या फाइलवर बसतं. कॅमेरा मात्र शेवटपर्यंत एरर देत नाही. आता त्या कार्डावर काहीही लिहू नका. हरवलेला भाग रिकव्हरीने येण्याची आशा कमीच धरा.

नवं कार्ड कामाला नेण्याआधी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्स-मॅकवर एफथ्री चालवा. हे प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरतात आणि परत वाचून ताडून बघतात. सेकंदाला ६० एमबीने लिहिणाऱ्या १२८ जीबी कार्डाला भरायला साधारण ३६ मिनिटं लागतात, वाचायला आणखी अर्धा तास. फोर-के व्हिडिओसाठी कार्डावर किमान व्ही३० बघा, म्हणजे सेकंदाला निदान ३० एमबी लिहिण्याची हमी.

प्रश्न : बीडमध्ये वरातीला ड्रोनची मागणी आहे. एक जण ‘दुबईचा पीस, बिल नाही’ म्हणून निम्म्या किमतीत देतोय.

उत्तर : घेऊ नका. कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी आणि ड्रोनची वेगळी. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढ्यांनाच सूट आहे आणि सुटे भाग आणता येतात. म्हणजे त्यानंतर आलेला हा पीस कस्टम्स जप्त करू शकतं. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट परवाना लागत नाही, हे खरं. पण त्यामुळे चोरून आणलेला माल कायदेशीर होत नाही. वरातीत ड्रोन कुणाच्या डोक्यात पडला, तर विमा कंपनी आणि पोलीस दोघंही आधी कागद मागतील.

प्रश्न : परभणीहून. ‘कंपनी वॉरंटी’ म्हणून घेतलेली लेन्स सर्व्हिस सेंटरने इम्पोर्टेड म्हणून परत केली. विक्रेता फोन उचलत नाही. दिल्लीला जाऊन केस करायची का?

उत्तर : दिल्लीला जायची गरज नाही. सर्व्हिस सेंटरकडून नकार लेखी घ्या, जॉबशीट (दुरुस्तीला दिल्याची नोंद) चालेल. जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट आजच काढा, कारण तक्रार कळली की ‘कंपनी’ हा शब्द पानावरून गायब होतो. मग वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायचं. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद करून डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. अनेक विक्रेते इथेच पैसे परत करतात.

नाहीच केले, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगातच तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि मुदत २ वर्षांची आहे. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही. मागणीत लेन्सची किंमत, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च असे तीन आकडे वेगवेगळे लिहा. विक्रेत्यासोबत वेबसाइटलाही सामनेवाला (प्रतिवादी) करा, नाहीतर विक्रेत्याचा पत्ता खोटा निघाला की नोटीसच बजावली जात नाही.