पहिल्या मध्ययुगीन जत्रेआधी

मध्ययुगीन युरोपच्या थाटाच्या जत्रेत वाजवायचं, तर हर्डी-गर्डीचा (चाक फिरवून वाजवायच्या तंतुवाद्याचा) मोह सध्या आवर. तारांना कापूस गुंडाळणं, चाकाला राळ लावणं हे हातात बसेपर्यंत ते वाद्य नुसतं किंचाळतं. माझं पहिलं वर्ष त्यातच गेलं. त्यापेक्षा पाइप-अँड-टेबरची प्रतिकृती घे: डाव्या हातात तीन भोकांचा पावा, उजव्या हाताने छोटा ढोल. 13व्या शतकापासून युरोपात एकटा वादक एवढ्यावर अख्खा नाच रंगवायचा.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:

- 'ग्रीनस्लीव्ह्ज' हे इंग्रजी गाणं वाजवणं. त्याची नोंद 1580 ची, म्हणजे मध्ययुग सरल्यावरची. 'कान्तिगास दे सान्ता मारिया' या स्पेनमधल्या भक्तिगीतांच्या संग्रहातल्या चाली घे. 13व्या शतकातल्या, त्याही चारशेच्या वर!
- आठ जोडतारांची ल्यूट (छेडून वाजवायचं तंतुवाद्य) घेणं. मध्ययुगातली चार-पाच जोड्यांची, पिसाने छेडायची.
- आतड्याच्या तारा जुळवून थेट दमट हवेत जाणं. वाद्य अर्धा तास आधी मैदानात ने, मगच सूर लाव.

पाच चाली तोंडपाठ कर, समोर कागद नको. गर्दी फिरती असते, त्यामुळे पाच पुरतात. पोशाख साधा चालेल, फक्त मनगटावरचं घड्याळ काढ. (बूट मी अजूनही झग्याखाली लपवतो.) स्वरांतरांच्या जुन्या पद्धती वगैरे पुढच्या हंगामात बघू.