‘ठरलंय’ म्हणजे कुणी ठरवलं?

ताई, मला ३५वा आठवडा लागलाय. पहिलंच बाळंतपण. रिपोर्ट नॉर्मल आहेत, डॉक्टर चांगल्या आहेत. गर्भसंस्काराचा वर्ग केला, श्वासाचे व्यायाम करते, बॅग भरून ठेवलीये. तरी रात्री तीनला जाग येते आणि छातीत धडधडतं. कळा सोसतील का? मी ओरडले, रडले, काहीबाही बोलले तर? किती लाजिरवाणं होईल! माहेर कोकणात, दवाखाना दीड तासावर, म्हणून पुण्यातच करायचंय. आत माझ्यासोबत सासूबाई थांबणार असं ठरलंय. त्या धीराच्या आहेत, दोन्ही बाळंतपणांत तोंडातून चकार शब्द काढला नाही म्हणतात. नवरा समजूतदार आहे, त्याला फक्त रक्त बघवत नाही. बाबांच्या ऑपरेशनच्या रात्री मी अशीच घाबरले होते, पण तेव्हा साताऱ्याची मावशी शेजारी बसून होती. मनाची तयारी कशी करू?
– एक घाबरट मुलगी, पुणे

पोरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच शब्दाला अडखळले. बॅग तू भरलीस, वर्ग तू केलास, श्वास तू मोजतेस. आणि आत कोण थांबणार, हे मात्र ‘ठरलंय’. कुणी ठरवलं गं?

कळांची भीती वाटते असं तू लिहितेस, पण कळांवर तुझे तीनच शब्द आहेत. पुढचं सगळं ओरडण्याबद्दल, रडण्याबद्दल, लाजेबद्दल. तुला सासूबाईंसमोर ओरडायची भीती वाटतेय. जिने चकार शब्द काढला नाही, तिच्या डोळ्यांदेखत तुला ही परीक्षा द्यायचीये, तीही अंगावर सैल गाऊन आणि केस कपाळाला चिकटलेले असताना. मग झोप कशी लागेल? त्या किती मायाळू आहेत हे मला परत कळवू नकोस. असतीलही. तुला त्यांच्यासमोर रडता येत नाही, मला एवढंच पुरे.

आणि नवऱ्याला समजूतदार म्हणणं थांबव. सोबत थांबणाऱ्याने रक्त बघायचं नसतं, उशाशी उभं राहायचं असतं. त्याने स्वतःची सुटका करून घेतली आणि ती जागा तुला न विचारता आईला देऊन टाकली. याला समजूतदारपणा म्हणत नाहीत.

आत कोण असावं हा मानापानाचा प्रश्न नाही. २०१७ साली २६ अभ्यास एकत्र करून तपासले गेले, १५ हजारांहून जास्त बायकांचे. ज्यांच्याजवळ कळांमध्ये सतत कुणीतरी होतं, त्यांची नैसर्गिक प्रसूती होण्याचं प्रमाण जास्त होतं, सिझेरियन कमी, आणि कळांचा काळही थोडा आखूड. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली बाळंतपणाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. सोबतीण ‘बाईच्या पसंतीची’ असावी असं त्यांत स्पष्ट लिहिलंय. पसंती तुझी, कुटुंबाची नव्हे. आपल्या सरकारी दवाखान्यांतही २०१६ पासून नात्यातली एक बाई आत थांबू शकते, शक्यतो स्वतः त्यातून गेलेली. खासगी दवाखान्याचे नियम वेगवेगळे असतात, म्हणून डॉक्टरांना याच भेटीत विचार.

माझी पहिली खेप आठवते. सरकारी दवाखाना होता, तेव्हा आत कुणालाच सोडत नसत. मी ओरडले की एक नर्स खेकसायची, “आता कशाला ओरडतेस?” मग मी ओठ आवळले, आणि ओठांबरोबर खांदे, मांड्या, सगळं अंग आवळलं गेलं. पहाटे ड्यूटीवर एक आया आली. तिने न बोलता माझ्या माकडहाडावर तळवा दाबून धरला आणि कानाशी म्हणाली, “ओरड बाय, खालच्या आवाजात, म्हशीवानी ओरड.” मी ओरडले. जबडा सुटला तसं अंग सुटलं. त्या तळव्याचा खरखरीत स्पर्श मला अजून आठवतो. तिचं नाव विचारायचं राहिलं, त्याची चुटपुट आजही आहे.

तुझ्याकडे तसा तळवा आधीच आहे. बाबांच्या ऑपरेशनच्या रात्रीची मावशी. माझ्या प्रश्नाचं उत्तर तू अर्ध्या ओळीत लिहून पुढे निघून गेलीस! ती काय बोलली ते तू लिहिलं नाहीस. ती बसून होती एवढंच लिहिलंस. आत नेमकं तेच लागतं.

तेव्हा मनाची तयारी म्हणून एकच कर. हे वाचून झालं की मावशीला फोन लाव आणि म्हण, “मावशी, मला आत तू हवीस.” संध्याकाळी नवऱ्याला सांग. सांग म्हणतेय, विचार नव्हे. आईशी तो बोलेल, ते काम त्याचं. पहिलटकरणीच्या कळा बहुतेकदा सावकाश वाढतात, पण साताऱ्याहून गाडी काढण्यावर विसंबू नकोस. ३७वा आठवडा संपला की मावशी पुण्यात राहायला आलेली असू दे. दुपारी दोघी दार लावून बसा आणि तिच्यासमोर मोठ्याने, जबडा सैल सोडून, लांब ‘आऽऽ’ काढून बघ. पहिल्यांदा हसू येईल, कदाचित रडूही. दोन्ही होऊ दे.

मावशीला म्हणावं, येताना सुती साडी आण, बांगड्या काढून ये, आणि एक शाल घे. लेबर रूममध्ये एसी असतो, तिला रात्रभर बसायचंय.

– तुझी ताई