धाकटी बहीण ट्रान्सजेंडर आहे आणि रोज पिते. हार्मोन्स थांबवून आधी दारू सोडवावी का?

ताई, 22 व्या वर्षी मीही रोज प्यायचे. मी ट्रान्स स्त्री आहे, दारू सुटून 6 वर्षं झाली. आधी थेट उत्तर देते: हार्मोन्स तुमच्या मनाने थांबवू नका. आणि बाटल्या मोरीत ओतून एका रात्रीत दारूही बंद पाडू नका.

"संगतीने बिघडला का?" असं तुम्ही विचारलंय. माझ्या बाबतीत संगत नंतर आली. घरात बोलताना मी क्रियापदच गिळायचे. 'मी जेवले' म्हणायची सोय नव्हती, 'जेवलो' जिभेवर येत नव्हतं, म्हणून 'माझं जेवण झालं'. 'मी निघाले' ऐवजी 'निघायला हवं'. दिवसभर असं चाचपत बोलून बघा एकदा. दोन पेग पोटात गेले की 'आले ना मी!' आपसूक निघायचं. चव मला कधीच आवडली नाही. त्यात मला माझ्या नावाने हाक मारणारी माणसं भेटायची तीही बारमध्येच. इलान मायर यांनी 2003 मध्ये लेस्बियन, गे आणि बायसेक्शुअल लोकांबद्दल 'मायनॉरिटी स्ट्रेस'ची, म्हणजे वेगळं असल्यामुळे समाजाकडून येणाऱ्या ताणाची मांडणी केली, 2012 मध्ये हेंड्रिक्स आणि टेस्टा यांनी ती ट्रान्स लोकांना लावली. त्यातलं मला पटलेलं असं की टोमणा बसावाच लागत नाही, बसेल या धास्तीनेच माणूस पोखरला जातो.

आता शरीराचं. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली तर दिवसाभरात हात थरथरतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम झाला तर जिवावर बेततं. म्हणून दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. ती सिगारेटही ओढते असं तुम्ही लिहिलंय, मला त्याची काळजी जास्त वाटते. इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनने रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, धूम्रपान त्यात भर घालतं. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली किंवा एकाएकी धाप लागली तर सकाळची वाट पाहू नका. हार्मोन्सच्या डॉक्टरांना सिगारेटचं खरं सांगितलं तर ते गोळीऐवजी पॅच किंवा जेल सुचवू शकतात. आपण लपवतो, कारण औषध बंद करतील अशी भीती असते.

व्यसनमुक्ती केंद्र निवडताना तीन गोष्टी आधीच विचारा: हाक कोणत्या नावाने मारणार, झोपायला कुठे देणार, हार्मोन्स चालू ठेवणार का. माझ्या पहिल्या केंद्रात तिन्हींची उत्तरं चुकीची होती. नवव्या दिवशी मी निघून आले आणि त्याच रात्री प्यायले. (दारूची तपासणी करणाऱ्या ऑडिट-सी या तीन प्रश्नांच्या फॉर्ममध्ये बायकांना 3 गुणांवर धोका धरतात, पुरुषांना 4 वर. समुपदेशक पेन हातात धरून बराच वेळ माझ्याकडे बघत बसले होते. माझे 11 आले होते!)

दुसऱ्या वेळी टिकले, कारण मावशी दर रविवारी भेटायला यायची आणि दारूचा विषयही न काढता तासभर बसायची. तिने मला 'आलीस का गं?' म्हटलं, तेव्हा मी अजून पीतच होते.

तुमचा प्रश्न पुन्हा वाचला. पहिल्या ओळीत तुम्ही 'ती' लिहिलंय. दारूचा विषय आल्यापासून शेवटपर्यंत 'तो' आहे.