जाळी होती, तरी सात कोंबड्या गेल्या

प्रश्न : ताई नमस्कार. मी जिंतूर तालुक्यातला. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, १५ गावरान कोंबड्या होत्या. बाभळीच्या मेढी रोवून चारी बाजूनं कोंबडीची जाळी मारली, वर पत्रा, खाली नुसती माती. परवा भरदुपारी कापूस वेचून येईस्तोवर ७ मेलेल्या, मानेला चावे, बाकी अंग तसंच. शेजारी म्हणतात रानमांजर, आई म्हणते मुंगूस. जाळी कुठंच फाटली नाही, फक्त एका कोपऱ्यात माती उकरलेली. नवीन खुराडं बांधायला पैसे नाहीत, काय करू?
– एक वाचक, जि. परभणी

उत्तर : दादा, वाचून लई वाईट वाटलं. सात म्हणजे निम्मं घरच गेलं की. मला तुमच्या आईचं पटतं. मुंगूस दिवसाचं फिरतं, अन् मानेलाच धरतं. रानमांजर बहुतेक कोंबडी उचलून नेतं, मागं नुसती पिसं सापडतात. मुंगसाचं तसं नाही, कोंडलेल्या कोंबड्या फडफडायला लागल्या की ते एकामागून एक मारत सुटतं, खातं एखादीच.

ती पातळ, सहा कोनी भोकांची जाळी कोंबड्यांना अडवते, जनावराला नाही. कुत्रं ती दातानं ओढून फाडतं, अन् साप भोकातून सरळ आत जातो. पण काढून टाकू नका, वरच्या भागाला राहू द्या. खालच्या तीन फुटाला बाहेरून अर्ध्या इंची भोकांची वेल्डमेश, म्हणजे तारा एकमेकींना जोडलेली ताठ चौकोनी जाळी, मारा. बाहेरूनच बरं का, म्हणजे जनावरानं धडक दिली तरी जाळी मेढीवरच दाबली जाते, खिळे उपसत नाहीत. खुराडं ८ बाय ६ फुटाचं असेल तर चारी बाजू मिळून २८ फूट जाळी, तेवढीच मापून घ्या.

आता खरा घोळ जमिनीचा आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, भिंतीच्या कडेनंच हात जाईल एवढी भेग पडते, मग मुंगसाला अन् घुशीला उकरायचे कष्टसुद्धा नाहीत. म्हणून कडेनं हातभर खोल चर घ्या, त्यात बांधावरचे दगड बसवा, वरून मुरूम टाकून पाणी मारून ठासा. आणि दीड फूट रुंद जाळीची पट्टी उभ्या जाळीला तारेनं बांधून बाहेरच्या अंगाला आडवी पसरा, वर चार बोटं माती. जनावर भिंतीला चिकटूनच उकरतं, दीड फूट मागं सरकून सुरुवात करायचं त्याला सुचत नाही. दाराखाली शहाबादी फरशीचा तुकडा उंबऱ्यासारखा बसवा आणि कडी-कोयंडा लावा, नुसती दोरी नको, मांजर पंजानं दार ढकलून बघतंच.

सगळं झालं की भरदुपारी आत बसून दार ओढून घ्या. जिथून उजेड दिसतो ती ती फट बुजवा. माझ्याकडं पत्र्याच्या नाळीखाली दोन बोटांची फट राहिली होती, रोज डोळ्यासमोर असून मला दिसली नाही अन् एका रात्रीत सगळी पिल्लं गेली. तेव्हापासून मी हे केल्याशिवाय एकही पाखरू आत सोडत नाही.

बसायची दांडी जाळीपासून फूटभर आत घ्या, एका कोंबडीला ८-९ इंच जागा धरा. जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीचा पाय मांजर बाहेरून ओढतं. मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर न टाकता खोल पुरा, नाहीतर कुत्र्यांना चटक लागते.

एक कळकळीनं सांगते, मुंगसाला विष किंवा फासा लावू नका. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे, अन् तुमच्या शेतातले उंदीर, साप तेच खातं.

प्रश्न : पत्रा एवढा तापतो की कोंबड्या दुपारी चोच उघडून धापा टाकायलेत.
– एक वाचक भगिनी, औसा

उत्तर : पत्र्यावर तुराट्या नाहीतर कडब्याचा जाड थर टाकून दोरीनं बांधा, ते जमत नसेल तर चुना मारा. खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा. भिंतीचा वरचा भाग जाळीचाच असू द्या, गरम हवा तिथूनच निघते, पोतं लावून तो बंद करू नका. पाण्याचं भांडं मातीचं, सावलीत, दिवसातून दोनदा बदलून.