जावात रिटर्न टाइपचं (मेथड कुठल्या प्रकारचं मूल्य परत देते, त्याचं) आधी एवढंच पक्कं कर
प्राण्यांची लिस्ट देणाऱ्या मेथडमधून कुत्र्यांची लिस्ट परत देताना कंपायलर अडवतोय म्हणून कास्ट (टाइप जबरदस्तीने बदलणं) टाकू नकोस, तो बरोबर सांगतोय. कुत्रा प्राणी असला तरी लिस्ट<कुत्रा> म्हणजे लिस्ट<प्राणी> नव्हे. तसं चाललं असतं, तर त्याच लिस्टमध्ये कुणीही मांजर घातलं असतं. नवीन असताना बहुतेक जण इथेच अडकतात, तेव्हा हे स्वतः टाइप करून बघच.

- ओव्हरराइड करताना (मूळ क्लासची मेथड सबक्लासमध्ये नव्याने लिहिताना) मात्र सबटाइप, म्हणजे मूळ टाइपचाच उपप्रकार, चालतो, जावा 5 पासून. मूळ मेथड प्राणी देते? तुझी खुशाल कुत्रा देऊ दे. वापरणाऱ्याचा कास्ट वाचतो.
- रिटर्न टाइपमध्ये वाइल्डकार्ड ('?', म्हणजे 'कुठलातरी टाइप') नको. त्याचा त्रास मेथड वापरणाऱ्याला होतो.
- 'टी' (जेनेरिक मेथडमधला, वापरताना ठरणारा टाइप) फक्त रिटर्न टाइपमध्येच दिसतोय, पॅरामीटरमध्ये नाही? थांब. आत बहुधा कास्ट लपलाय, आणि क्लासकास्टएक्सेप्शन (चुकीच्या कास्टमुळे प्रोग्रॅम चालताना येणारी एरर) भलत्याच ओळीवर येईल.

टाइप इरेजर (कंपाइल करताना जेनेरिक टाइप पुसले जाणं) वगैरे सध्या राहू दे.