सिंक टीमक्समध्ये सोडण्याआधी

बॅकअपचं आरसिंक (फाइली दुसऱ्या जागी उतरवणारी कमांड) टीमक्समध्ये लावून सोडणार म्हणालास. टीमक्स (टर्मिनल बंद झालं तरी आतलं काम चालू ठेवणारा प्रोग्राम) धरलंस ते बरोबरच. कंट्रोल-बी, मग डी दाबून बाहेर पडलास की एसएसएच (दुरून मशीनला जोडणारं कनेक्शन) तुटलं तरी आरसिंक चालू राहतं. पण मशीनच रीबूट झालं तर सेशन जातं, आणि सांगलीत पावसाळ्यात विजेचा काय नेम! म्हणून टीमक्स पहिल्या मोठ्या कॉपीपुरतं ठेव, रोजचं काम क्रॉनकडे (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) दे. तिथं एफलॉक (एका वेळी एकच फेरी चालू देणारं कुलूप) लावच, नाहीतर एक फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होते. कमांडचे पाथ (ती डिस्कवर कुठं आहे तो पत्ता) पूर्ण लिही.

खरी भीती आरसिंकच्या 'डिलीट' पर्यायाची; मूळ जागी नसलेल्या फाइली तो बॅकअपमधूनही पुसतो. माझ्याकडे एकदा मूळ डिस्क माउंटच झाली नव्हती, म्हणजे सिस्टिमला जोडलीच गेली नव्हती. आरसिंकला फोल्डर रिकामं दिसलं, त्यानं बॅकअपही रिकामा केला. घरातल्या लग्नाचे फोटो गेले रे, अजून जीव तुटतो. तेव्हा स्क्रिप्टमध्ये आधी 'माउंटपॉइंट' कमांडनं डिस्क जोडलेली आहे का ते तपास, नसेल तर तिथंच थांबव. काहीही बदललंस की आधी ड्राय-रन (खरं काही न बदलता घेतलेली चाचणी). सोर्सच्या (जिथून कॉपी करायची त्या पाथच्या) शेवटी स्लॅश असेल तर फोल्डरमधला माल कॉपी होतो, नसेल तर फोल्डरसकट होतो. इथं सगळेच चुकतात.

आणि बॅकअपची दुसरी प्रत मशीन आहे त्याच तळमजल्यावर नको. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं, तू पाहिलंयस.